फिशटँकमधील मासा वेगळा वागू लागल्यास आधी पाणी तपासावे

मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागला, पर मिटून कोपऱ्यात बसला किंवा खडीवर अंग घासू लागला, की अनेक जण दुकानातून मिथिलीन ब्ल्यूची बाटली आणून थेट टाकीत ओततात. ही घाई कृपया करू नये. अशा वेळी बिघाड बहुधा पाण्यात असतो, आणि या औषधाने फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूंना इजा झाली, तर तो आणखी वाढतो.

मात्र त्याआधी ते वागणे त्या जातीला साजेसे तर नाही ना, हे पाहावे. फायटर आणि गुरामी यांना थेट हवेतून प्राणवायू घेणारा अवयव असतो, त्यामुळे ते अधूनमधून वर येणारच. कोरिडोरासही झटकन वर येऊन हवेचा घोट घेतो. क्लाउन लोच कुशीवर पडून विश्रांती घेतो, तर निऑन टेट्राचा रंग रात्रभराच्या अंधारानंतर फिका दिसतो आणि दिवा लावल्यावर परततो.

यानंतर वागण्यात बदल एकाच माशात आहे की सगळ्यांत, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. सगळे मासे एकदम वर येऊन धापा टाकत असतील, तर पहिला संशय प्राणवायूवर घ्यावा. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना मात्र सुमारे साडेसातच. म्हणूनच मे महिन्यात वीज जाऊन एअर पंप बंद पडला, की गर्दीच्या टाकीत ही अवस्था लवकर येते. हवा सुरू करूनही धाप थांबत नसेल, तर टेस्ट किटने अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाण्यातून तयार होणारा विषारी पदार्थ) आणि नायट्राइट (जीवाणूंनी त्यापासून बनवलेला, तोही विषारी) मोजावे. दोन्ही शून्य असायला हवेत. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नव्या टाकीत त्याचे रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने हे जीवाणू मरून जुन्या टाकीतही तीच वेळ येऊ शकते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

अमोनिया आढळल्यास खाणे एक-दोन दिवस बंद ठेवून पाव ते निम्मे पाणी बदलावे, आणि नवे पाणी क्लोरीन काढलेले व जवळपास त्याच तापमानाचे असावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. अचानक बदलाचा धक्का आधीच अशक्त झालेल्या माशाला सोसत नाही.

अंग घासणे हे अमोनियाचेही लक्षण असते आणि परजीवींचेही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो इक हा रोग समजावा. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो गळून तळाशी पडतो, तेथे विभागतो आणि त्याची पिल्ले नवा मासा शोधत पोहू लागतात, तेव्हाच औषध लागू पडते. म्हणून ठिपके नाहीसे झाले तरी वेष्टनावर सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि तोवर फिल्टरमधील, औषध शोषून घेणारा कार्बन काढून ठेवावा.

एकच गोलमटोल गोल्डफिश तिरका किंवा उलटा तरंगत असेल, तर त्याला दोन दिवस उपाशी ठेवून मग उकडलेला, साल काढलेला मटार थोडा कुस्करून द्यावा. या आखूड शरीराच्या जातींत फुगलेल्या पोटाचा दाब वाताशयावर, म्हणजे माशाला तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीवर, येऊ शकतो. मात्र पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर हा उपाय पुरणार नाही. त्या माशाला वेगळ्या टाकीत हलवून माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवावे आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे सोबत न्यावेत.