उसाच्या बिलानं शिकवलेला पेपर

राज्यशास्त्रात एम. ए. करताना 'जागतिक शासनव्यवस्था' हा पेपर घेतला आणि पहिलं सत्र अक्षरशः वाया घालवलं. १६४८चा वेस्टफालियाचा तह, सार्वभौमत्व, जागतिकीकरण, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: राष्ट्र-राज्याचा ऱ्हास होतोय का? दोन्हीकडून चार-चार मुद्दे लिहायचे नि मोकळं व्हायचं.

डोक्यात उजेड पडला तो उसामुळे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रारी केल्या. साखरेच्या निर्यात अनुदानावर हरकत होतीच, पण उसाच्या एफआरपीवरही, म्हणजे केंद्र सरकार बांधून देतं त्या किमान दरावरही होती. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेनं वादासाठी नेमलेल्या पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला: २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादेबाहेर गेला होता.

सुट्टीत हे वडिलांना सांगितलं. ते कारखान्याची बिलं पत्र्याच्या डब्यात ठेवतात. डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "सरकारनं यातला एक रुपया दिलाय का, दाखव. कारखाना देतोय. तेबी चौदा दिवसांचा कायदा असून दोन महिन्यांनी."

गंमत म्हणजे जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयी, भारताचा बचावही हाच होता: पैसे सरकार नाही, कारखाने देतात. पॅनेलला तो पटला नाही. दर सरकार बांधून देतं ना, मग खिसा कुणाचा हा मुद्दाच नाही.

जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं. अपील मंडळ सात जणांचं, एका अपिलाला तिघं लागतात. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून तेवढेही उरले नव्हते आणि २०२० अखेर मंडळ पूर्ण रिकामं झालं. अपील ऐकायलाच कुणी नाही, त्यामुळे निकाल लोंबकळत राहिला. एका देशाला घरचा ऊसदर ठरवतानाही जिनिव्हाला हिशेब द्यावा लागतो, आणि दुसरा एकटा देश तिथलं अपील मंडळच बंद पाडतो. यात ऱ्हास कुणाचा, ते आता तुम्हीच लिहा; चार-चार मुद्द्यांत बसत नाही.

नव्यानं येणाऱ्यांना म्हणून सांगतो, सिद्धांत नंतर वाचा. आधी एखादा वाद धरा, शक्यतो घराजवळचा. पॅनेलचा अहवाल जाडजूड बघून घाबरू नका. शेवटचा निष्कर्षांचा भाग आधी वाचा, मग हरलेल्या बाजूचा युक्तिवाद. खरी मेख तिथं सापडते. आणि गणिताचा कंटाळा असेल तर तो आत्ताच सोडा. संघटनेच्या शेती करारात असा आधार मोजताना सरकारी दराची तुलना साधारणपणे १९८६-८८च्या किमतींशी करतात. हे वाक्य मी वर्गात तीनदा लिहून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो कागदावर स्वतः आकडेमोड केल्यावर.

निघताना वडिलांनी विचारलं, "मग एफआरपीचं काय?"

"हाय तशी."

त्यांनी डबा फळीवर ठेवला.