सावली कोठे गयी? : विज्ञान केंद्रातल्या कामाबद्दल

अमळनेर-चाळीसगावकडची बीएस्सीची मुलं भेटली की विचारतात, "दादा, विज्ञान केंद्रात तुम्ही नेमकं करता काय?" मी आधी शून्य सावलीच्या दिवसाचं सांगतो. हे काम मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं.

खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. अमळनेरला २५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. वेळ मात्र बाराची नसते, मेमध्ये ती साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना येते. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाप्रमाणे चालतात आणि आपण राहतो ७५ अंशांवर, त्यामुळे जवळपास अर्ध्या तासाचा फरक पडतो.

मुंबईतल्या एका विज्ञान केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून वर्ष काढून मी गावी आलो होतो. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पीव्हीसीची नळी उभी केली, पंधरा-वीस पोरं जमली आणि मी बोलायला लागलो. पृथ्वीचा कललेला आस, अक्षांश, क्रांती (सूर्याचं विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर), सगळं पाठ होतं. मागून एक मुलगी म्हणाली, "सावली कोठे गयी?" मी वळून पाहिलं तेव्हा नळीच्या बुडाशी काही नव्हतं. ती पाहत होती आणि मी बोलत होतो. तिने विचारलेला प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता, आणि विचारून गप्प राहायला हवं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. अकरा वाजता पोरांच्या हाती खडू देतो. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण, आणि प्रत्येक खुणेआधी एकच प्रश्न: आता टोक कुठे येईल? चुकीचं उत्तर आलं तरी दुरुस्त करत नाही, पुढची खूण ते काम करते. गप्प राहणं फार अवघड जातं, विशेषतः ज्यांना विषय चांगला येतो त्यांना. मुलाखतीला जाण्याआधी याचाच सराव करा.

आता वाटेबद्दल. देशातली बरीच विज्ञान केंद्रं राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेकडे आहेत. परिषद १९७८ सालची, मुख्यालय कोलकात्यात. महाराष्ट्रात मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) आणि नागपूरचं रमण विज्ञान केंद्र (१९९२) तिच्याच अखत्यारीत येतात. अशा केंद्रांत विज्ञान पदवीधरांना ठरावीक मुदतीसाठी शिक्षण प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. गॅलरीत एक्झिबिट समजावणं, डेमो, तारांगणाचा किंवा थ्रीडीचा शो, शाळांच्या सहली सांभाळणं अशी कामं असतात. माझं मानधन बरंचसं खोलीच्या भाड्यात जायचं, हे घरी आधीच सांगून ठेवा. कायम पदांच्या जागा थोड्या निघतात, म्हणून संकेतस्थळावर नजर हवी. ज्यांना वस्तू, मांडणी आणि संग्रह यांत रस आहे त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला संग्रहालयशास्त्र विभाग बघावा. तो १९५२ पासून आहे.

डिजिटलचं काम माझ्याकडे जुलैमुळे आलं. दुसरा शून्य सावलीचा दिवस ढगांत जातो आणि पहिला उन्हाळी सुट्टीत, म्हणजे शाळेला दोन्ही हुकतात. म्हणून मेमध्ये चित्रण करून ठेवलं. पहिला व्हिडिओ चौदा मिनिटांचा केला, मागे संगीत, भरपूर निवेदन. धडगावकडच्या एका शाळेत तो लावला, तर पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. रेंजच नव्हती. मी तो मुंबईच्या वायफायवर तपासला होता. चूक माझीच.

आता चाळीस सेकंदांची क्लिप असते, मेमरी कार्डवरून देता येते. सावली नाहीशी व्हायच्या थोडं आधी चित्र थांबतं आणि मुलं वहीत पुढचं चित्र काढतात. मगच पुढचा भाग लावायचा. जिथे संगणक आहे तिथे फेट (PhET) या संकेतस्थळावरची विज्ञानाची सिम्युलेशन्स आधी उतरवून नेतो, ती इंटरनेटशिवाय चालतात आणि अनेक मराठीतही आहेत. सॉफ्टवेअर शिकायला दोन महिने पुरतात. कुठे थांबायचं हे कळायला मला तीन वर्षं लागली.

"आपल्याकडे दाखवण्यासारखं तसं काही नाही," असं मुलं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. चाळीसगावजवळच्या पाटणला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. आणि केळी तर दारातच आहेत. कच्च्या केळ्याच्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, काळानिळा डाग पडतो, कारण त्यात स्टार्च भरलेला असतो. चांगल्या पिकलेल्या केळ्यावर तो फिका येतो, कारण पिकताना स्टार्चची साखर होते. रावेरला एका बाजारात हा डेमो केला तेव्हा एक काका पुढे आले आणि पिकवणीच्या खोलीत तापमान किती ठेवतात, गॅस कधी सोडतात, हे सांगायला लागले. एथिलीनबद्दल, म्हणजे फळ पिकवणाऱ्या त्या गॅसबद्दल, मी जेवढं बोलणार होतो त्याहून त्यांना जास्त ठाऊक होतं. पुढची वीस मिनिटं डेमो त्यांनीच घेतला, मी फक्त केळी चिरून देत होतो.

अर्जासोबत प्रमाणपत्रांखेरीज असं एक काम जोडा: तुमच्या गावातल्या एखाद्या वस्तूवरचा दोन-तीन मिनिटांचा डेमो, फोनवर चित्रित केलेला. त्यात तुमच्यापेक्षा समोरची पोरं जास्त बोलताना दिसू देत.