जुनी बस उघडण्याआधी
संग्रहालयासाठी जुनी बस पूर्ववत करायला घेताना हातमोजे, चष्मे, प्यायचं पाणी, मलमपट्टी हे सांगावं लागू नये. बस सपाट फरशीवर, छपराखाली आणा, चासी (खालचा लोखंडी सांगाडा) घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या बसखाली एकाही स्वयंसेवकाला जाऊ देऊ नका. बॅटरी काढा.

आणि पहिला पत्रा सोडवण्याआधी बॉडीला आतून तिरपे टेकू द्या. राहून जातं ते नेमकं हेच. लाकडी सांगाड्याच्या बसमध्ये बाहेरचा पत्राही भार पेलतो. सागवान खालून कुजलेलं असेल, तर रिव्हेट तोडताच खांब कलतात, छत बसतं, दाराची चौकट तिरकी होते आणि नवा पत्रा कुठेच जुळत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, आकडे तिथेच लाकडावर लिहा, मग दीड इंची अँगल नट-बोल्टने आवळा. लाकडाजवळ वेल्डिंग नको. ‘एकच तर पत्रा काढायचाय’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. एकासाठीही टेकू हवा!

सुट्या भागांना पत्र्याच्या चकत्या लावा, नंबर ठोकून. मार्करची शाई डिझेलच्या बोळ्याने पुसली जाते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस. रंग ओल्या पॉलिश पेपरनेच घासा, ब्रेकच्या ड्रमला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हातभर भाग थराथराने घासून पाहा, एसटीच्या लाल रंगाखाली आधीच्या मालकाचा रंग आणि अक्षरं निघू शकतात. तो तुकडा संग्रहालयासाठी तसाच राखा.

इंजिनला आधी स्टार्टर नको. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग पुलीला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका.

नागपुरात हे काम दिवाळीनंतर काढा. छत मृगाआधी बंद झालंच पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी फवारलेला रंग पसरण्याआधीच वाळतो, पृष्ठभाग खरबरीत होतो. पावसाळ्यात एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो.

अ‍ॅल्युमिनिअम आणि लोखंड भिडतं तिथे प्रायमर, नाहीतर गंज. टेकू मात्र शेवटचा पत्रा रिव्हेट होईपर्यंत काढायचे नाहीत, सीट बसवायची घाई असली तरी. कर्ण पुन्हा मोजा, मगच काढा.

वायरिंग नवं, फ्यूजसकट. टायर जुने असतील तर बदला, टायर अडवणारी सुटी लोखंडी रिंग असलेल्या चाकात हवा सुरक्षेच्या लोखंडी पिंजऱ्यातच भरा. काचा, सीट, पाटी नंतर. रस्त्यावर आणायची तर कागदपत्रांचं आरटीओत आधी विचारा. पहिली फेरी आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, चाकाखाली घालायचा ठोकळा घेतलेला माणूस बाजूने चालत ठेवून.