आइंडहोव्हनला येताय? मग हे वाचा, आणि सोबत येणाऱ्यालाही वाचायला द्या

दर महिन्या-दोन महिन्याला कुणाच्या तरी मावसभावाचा नाहीतर नणंदेच्या मैत्रिणीचा मेसेज येतोच, ताई नेदरलँड्सची ऑफर आलीये, आइंडहोव्हन, गाव कसंय? आणि मी उलट विचारते की एकटा येतोयस का कुणी बरोबर आहे. कारण इथे बारा वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, की हे गाव कसं आहे ते ज्याला नोकरी लागलीये त्याला विचारूच नये. तो मस्तच म्हणणार. त्याला ऑफिस आहे, तिथे इंग्रजी बोलणारी माणसं आहेत, दुपारी जेवायला सोबत आहे, संध्याकाळी सायकलवरून वीस मिनिटांत घरी. विचारायचं ते त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला. मी अशीच आलेली आहे, नवऱ्याच्या व्हिसावर, नाशिकची चांगली चालू नोकरी सोडून, त्यामुळे दोन्ही बाजू सांगते.

आधी लोक काय म्हणतात ते. पंचविशीतली एकटी पोरं म्हणतात बोअर आहे, शनिवारी स्ट्राटुमसाइंडची पबची गल्ली झाली की संपलं, आणि दर वीकेंडला ॲमस्टरडॅमला पळतात (ट्रेन दर दहा मिनिटांना आहे, साधारण सव्वा-दीड तास). लहान मुलं असलेले म्हणतात यासारखं गाव नाही. मुंबईहून आलेल्यांना पहिले सहा महिने शांततेचा त्रास होतो, नाशिक-कोल्हापूर-औरंगाबादवाल्यांना होत नाही, गावाचं माप ओळखीचं वाटतं. आणि इथलेच लोक काय म्हणतात माहितीये? आमचं गाव दिसायला कुरूप आहे. अगदी हसत हसत सांगतात. ते तसं खरंही आहे, दुसऱ्या महायुद्धात आधी १९४२ च्या डिसेंबरमध्ये दोस्त राष्ट्रांनी फिलिप्सच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकले, मग १८ सप्टेंबर १९४४ ला गाव स्वातंत्र्य साजरं करत होतं आणि दुसऱ्याच रात्री जर्मन विमानांनी भाजून काढलं. त्यामुळे कालवे आणि तिरकी जुनी घरं असलं पोस्टकार्ड इथे मिळत नाही. मुळात हे गावही नव्हतं फार मोठं, १९२० मध्ये आजूबाजूची पाच खेडी जोडून झालं, वून्सेल, स्ट्राटुम, खेस्टेल, स्ट्राइप, टोंगेल्रे. तीच नावं आज एरिया म्हणून ऐकाल. फिलिप्स ही बल्बची कंपनी १८९१ मध्ये इथे सुरू झाली म्हणून कार्निव्हलमध्ये गावाला लांपेखाट म्हणतात, म्हणजे दिव्यांचं बीळ. आता फिलिप्सचं हेड ऑफिस ॲमस्टरडॅमला गेलंय आणि सगळं शेजारच्या फेल्डहोव्हनच्या एएसएमएलभोवती (चिप बनवायची मशिनं करणारी कंपनी) फिरतं, तुमच्यातले निम्मे तिथेच नाहीतर तिच्या सप्लायरकडे येणार आहात.

त्याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. आपल्यामुळे घरं महाग झाली असं इथल्या बऱ्याच लोकांना वाटतं, आणि ते पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या शेजारणीच्या मुलाला तीस वर्षांचा झाला तरी घर मिळत नाहीये. ती आमच्याशी कायम गोडच वागते पण हा विषय निघाला की तिचा आवाज बदलतो.

आता कागद. भारतातून निघण्यापूर्वी जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला, दोन्ही इंग्रजीत, दोन्हीवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का. हे इथे येऊन करू असं म्हणू नका, घरच्यांना मुंबईच्या चकरा मारायला लावाल. आणि दाखला आत्ताच्या आत्ता कपाटातून काढून बघा! आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी असते कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, माझ्या दाखल्यावर नुसतं "स्त्री" आणि आईवडिलांची नावं होती. नाव चढवायला महापालिकेत सात आठवडे गेले. बायकांनी लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, दाखले, डिग्री यातलं काय काय जुळत नाहीये ते आधीच पाहून घ्या. आणि पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्ये असेल तर इथे ते तुमचंच दुसरं नाव धरतात, मला वर्षभर पत्रं नवऱ्याच्या नावाच्या इनिशियलसकट यायची, आता सवय झाली.

आल्यावर पाच दिवसांच्या आत खेमेंतेत म्हणजे इथल्या नगरपालिकेत नोंदणी करायची असते, कंपनी बहुतेक वेळा एक्स्पॅट सेंटरची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवते. तिथे बीएसएन नंबर मिळतो, आपल्या आधार नंबरासारखा, त्याच्याशिवाय पगार, बँक, सगळं अडतं. मग डिजीडी काढा, सगळ्या सरकारी साइटचं ते लॉगिन, त्याचा कोड पोस्टाने घरी येतो. इथे अजून पोस्टाला भयंकर महत्त्व आहे. निळा लिफाफा म्हणजे टॅक्सवाले, तो डच कळत नाही म्हणून फ्रिजवर चिकटवून ठेवायचा नाही, त्याच दिवशी मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचायचं. ३० टक्के रूलिंगचा (बाहेरून आलेल्यांना पगाराच्या तेवढ्या भागावर कर माफ) अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तरच पहिल्या दिवसापासून धरतात, उशीर झाला तर मधले महिने गेले. २०२७ पासून ते ३० चं २७ होतंय आणि मिळतं जास्तीत जास्त पाच वर्षं, तेव्हा घराचा हप्ता काढताना सहाव्या वर्षीचा पगार धरा. त्याच रूलिंगवर ड्रायव्हिंग लायसन्सही परीक्षा न देता बदलून मिळतं, ते नक्की करून घ्या, नाहीतर इथली ड्रायव्हिंगची परीक्षा म्हणजे पैसे आणि अब्रू दोन्ही जातं.

घर. इथे जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त रडारड याचीच. कंपनी एक-दोन महिने तात्पुरतं देते, तेवढ्यात मिळेल अशा भरवशावर राहू नका, पहिल्या आठवड्यापासून लागा. जाहिरातीत तीन शब्द बघायचे. काल, खेस्टॉफेर्ड आणि खेमेउबिलेर्ड. खेमेउबिलेर्ड म्हणजे फर्निचरसकट. खेस्टॉफेर्ड म्हणजे जमिनीवर लॅमिनेट वगैरे घातलेलं आणि पडदे आहेत. आणि काल म्हणजे टक्कल, शब्दशः तोच शब्द आहे, आणि घर पण तसंच असतं. आमचं पहिलं घर काल होतं, मी म्हटलं असेल रिकामं, आपण आणू सोफा. दार उघडलं तर खाली नुसतं सिमेंट, छतातून लोंबणाऱ्या वायरी, आधीचा भाडेकरू लॅमिनेट उचकटून घेऊन गेलेला. जमीन घेऊन जातात हो लोक इथे! पहिल्या दोन रात्री आम्ही सुटकेसचे खोके पसरून त्यावर झोपलो.

डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, २०२३ पासून तसा कायदा आहे, आणि घरमालकाच्या वतीने काम करणाऱ्या एजंटाला तुमच्याकडून कमिशनही घेता येत नाही. घर न बघता पैसे पाठवा म्हणणारा चोर समजा, कितीही गोड इंग्रजी लिहीत असला तरी. आणि पत्त्यावर नोंदणी करू देणार नाही म्हणाला तर ते घर सोडा, स्वस्त असलं तरी, नोंदणी नाही तर पुढचं सगळंच अडतं. एरिया म्हणाल तर मेअरहोव्हनमध्ये आपली माणसं भरपूर, घरं नवी, खाली गेलं की मराठी कानावर पडतं. कुणाला तेच हवं असतं आणि कुणाला तेच नको असतं. आम्ही वून्सेलमध्ये राहिलो आणि मला ते मानवलं. हेल्मंड, बेस्ट ही जवळची गावं पण बघा, ट्रेनने दहा-पंधरा मिनिटं.

सायकल पहिल्या आठवड्यात घ्या, जुनी घ्या, कुलूप मात्र तिच्याहून भारी घ्या कारण चोऱ्या होतात. आणि एक सूचना जी मला कुणी दिली नव्हती. इथल्या बऱ्याच सायकलींना हँडलला ब्रेकच नसतो, पेडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आपल्याला लहानपणापासून उतारावर नुसतं गंमत म्हणून उलटं पेडल फिरवायची सवय. मी दुकानातून बाहेर पडले, पन्नास मीटर गेले, खुशीत उलटं पेडल मारलं आणि थेट एका आजोबांच्या कुंपणात. त्यांनी मला उठवलं, कुंपण बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाले सोमवारी ये, शिकवतो. खरंच शिकवलं. अंधारात लाइट नसेल तर पोलीस दंड करतात, आणि चौकात काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढं पाठ करा.

डॉक्टरबद्दल सगळेच कुरकुरतात, मी पण. हेल्थ इन्शुरन्स चार महिन्यांत घ्यावाच लागतो आणि प्रीमियम आल्याच्या तारखेपासूनच लागतो, त्यामुळे उशीर करून काही वाचत नाही. मुलांना १८ पर्यंत प्रीमियम नाही. मोठ्यांना वर्षाला पहिले ३८५ युरो खिशातून, पण फॅमिली डॉक्टरकडे म्हणजे हाउसआर्ट्सकडे जायला ते लागत नाहीत, तेव्हा जायला घाबरू नका. त्याच्याकडे नाव आजारी पडण्याआधी नोंदवायचं, बऱ्याच ठिकाणी नवे पेशंट घेत नाहीत. थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, आणि तापाला पॅरासिटामोल हेच उत्तर मिळणार. माझ्या लेकीला ताप आला तेव्हा फोनवरची बाई विचारत होती, खेळतीये का, पाणी पितीये का, मग बघू. मी फोन ठेवून रडले होते. दुसऱ्या लेकराच्या वेळी मीच आईला फोनवर सांगत होते, अगं खेळतोय, पाणी पितोय. पण खरंच काळजी वाटत असेल तर फोनवर तसं सरळ, न लाजता सांगा, आपण "बघा जमलं तर" म्हणतो आणि त्यांना ते "काही घाई नाही" असं ऐकू येतं.

आता ज्यांच्यासाठी मुळात लिहायला बसले त्यांच्यासाठी. हायली स्किल्ड मायग्रंटच्या, म्हणजे कंपनीने कौशल्याच्या नोकरीसाठी आणलेल्या माणसाच्या, जोडीदाराला इथे काम करायची पूर्ण परवानगी असते, वेगळं वर्क परमिट लागत नाही, राहण्याच्या परवान्याच्या कार्डावरच तसं छापलेलं असतं. पण परवानगी असणं आणि काम मिळणं यात माझी तीन वर्षं गेली. पहिल्या हिवाळ्यात डिसेंबरात सकाळी पावणेनऊला उजाडायचं आणि साडेचारला अंधार, मधल्या वेळात पाऊस. दुपारी दोन वाजता आईला फोन केला की तिकडे साडेसहा, ती दिवाबत्ती करत असायची, मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि मी इथे खिडकीत. नवरा घरी आला की म्हणायचा काय मस्त गाव आहे ना, ट्रॅफिकच नाही. एकदा मी त्याला ताट फेकून मारणार होते.

त्यातून बाहेर काढलं ते भाषेने. ऑफिसवाल्याला डच लागत नाही म्हणून तो शिकत नाही, तुम्ही शिका. लायब्ररीत भाषेचे कॅफे चालतात, चहा प्यायचा आणि मोडकंतोडकं बोलायचं, बहुतेक निवृत्त मंडळी असतात आणि त्यांना वेळ असतो. इथल्या ब्राबांट भागात निरोप घेताना हौदू म्हणतात, तो एक शब्द दुकानात टाकून बघा, काउंटरवरच्या बाईचा चेहरा उजळतो. लोक तुमच्याशी इंग्रजीत वळतील, हट्टाने डचमध्ये राहा. मुलं चार वर्षांची झाली की डच शाळेत जातात, तुम्ही पण बरोबर शिकलात तर निदान त्यांची आपसातली भांडणं कळतील. पाच वर्षांनी कायमचा परवाना हवा असेल तर भाषेची परीक्षा द्यावीच लागते, तेव्हा नवराही धावत येतो, आमच्याकडे मीच त्याची शिकवणी घेतली.

आणि गणपती-दिवाळीला आपली माणसं भेटतातच, पण नुसत्या त्यांच्यावर राहू नका. शनिवारी जेवायला तेच आठ जण, विषय तेच, ग्रॉसरी, तिकिटांचे दर, परत कधी जायचं. मला चार मैत्रिणी तिथे मिळाल्या, पण नोकरी लागली ती त्या कुंपणवाल्या आजोबांच्या सुनेमुळे.

हिवाळा पहिला वाईट, दुसरा जरा बरा. नोव्हेंबरात ग्लो असतं, गावभर रात्रीची प्रकाशाची शिल्पं, ते चुकवू नका, सगळं गाव थंडीत चालत असतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, तेव्हा दोमेल नदीच्या काठाने सायकल मारा, मग गावाबद्दल मत बनवा. जानेवारीत बनवलेलं मत धरत नाहीत.

सामानाचं शेवटी, कारण सगळे हेच आधी विचारतात. डाळी-मसाले सगळं मिळतं, वजन त्यात घालवू नका. कुकर आणा पण इंडक्शनवर चालणारा बघून आणा, इथे बऱ्याच घरांत गॅसच नाही, माझा आईने दिलेला ॲल्युमिनियमचा पाच लिटरचा हॉकिन्स आजही माळ्यावर पडून आहे. आपला तीन जाड पिनांचा प्लग इथे बसत नाही. तरी मिक्सर आणा, अडॅप्टर लावून वापरा. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात ती दोन दिवस टिकते, पावसाची पँट इथे येऊनच घ्या, सायकलसाठी कापलेली मिळते. आणि फोडणी करताना स्मोक अलार्म वाजला तर घाबरून खाली पळू नका, टॉवेलने वारा घाला, बंद होतो.