सांगलीत घर बांधताय? आधी माती बघा, मग नकाशा

गेल्या आठवड्यात एका जोडप्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, असाच बंगला हवाय." फोटो डोंगरउतारावरच्या घराचा, यांचा प्लॉट सांगलीतल्या सखल शामरावनगरला. मी विचारलं, "पावसाळ्यात प्लॉट बघितलाय?" नव्हता बघितला. व्यवहार मार्चमध्ये झालेला, आणि मार्चमध्ये सांगलीतला कुठलाही प्लॉट कोरडा ठणठणीतच दिसतो.

काळ्या मातीला मुरूम समजणं

या एका चुकीपायी इथली जितकी घरं तडकलेली पाहिली, तितकी दुसऱ्या कशानं नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते; मुरूम, म्हणजे कडक खडेरी माती, तसं करत नाही. मेमध्ये मोकळ्या रानातल्या भेगेत हात घाला, कोपरापर्यंत जाईल. घराखालची जमीन दरसाल अशी वर-खाली होणार हे धरूनच पाया काढायला हवा. पण खर्च कमी करायची वेळ आली की लोक सगळ्यात आधी पायाच कापतात. किचन ट्रॉलीला कुणी हात लावत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक दांपत्याचं घर होतं. नकाशा आणि लाइनआउट (जागेवरची आखणी) माझं. फुटिंग (खांबांखालचा काँक्रीटचा पाया) नीट झाली. जोत्यात भराव टाकायच्या वेळी मी दोन दिवस साईटवर गेलो नाही, आणि ठेकेदारानं खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत आत लोटली. मुरमाच्या ट्रॉल्या वाचल्या. मी विचारलं तर मुकादम म्हणाला, "सायेब, पानी मारून दाबून बसवलीया, काय हुत न्हाई." वरून पीसीसी (साधं काँक्रीट) झालेलं होतं. ते उखडायला लावायचा आग्रह मी धरला नाही, ही माझी चूक. दुसऱ्या पावसाळ्यात बाथरूमचा पाइप जोत्यात गळला. हॉलमधली फरशी मधोमध उचलली गेली, स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकायला लागलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, पाच रुपयांचं नाणं आत बसेल एवढी. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या भेगेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. सगळी फरशी काढून, माती उपसून मुरूम भरावा लागला. वाचवलेल्या ट्रॉल्यांच्या कितीतरी पट पैसे गेले.

तेव्हापासून भराव पडताना मी साईटवर उभा असतो. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेतो, मातीचा रिपोर्ट येईपर्यंत पायाचं ड्रॉइंग देत नाही. मुरूम सहा-सात फुटांत लागला तर फुटिंग तिथपर्यंत नेतो. नाही लागला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब: निदान साडेतीन मीटर खोल, खाली खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगा. प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची काँक्रीटची तुळई) मातीवर टेकवत नाही, खाली 8 सेंमी पोकळी ठेवतो, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का नाही. घराभोवती तीन फूट फरसबंदी, आणि गच्चीचं पाणी पायाशी पडू द्यायचं नाही. "एवढं कशाला, शेजाऱ्यानं नाही केलं" म्हणणाऱ्यांना मी शेजाऱ्याच्या भिंती बघून यायला सांगतो.

पूर विसरणं

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तरी गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, नवी दुकानं रस्त्याच्या पातळीला, आणि विजेचे मीटर गुडघ्याएवढ्या उंचीवर! निळी आणि लाल पूररेषा (निळी लहान पुराची, लाल मोठ्या पुराची) नकाशावर बघाच, पण शेजारच्या म्हाताऱ्या माणसालाही विचारा, "2005 ला, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" ते भिंतीवरची खूण दाखवतात. त्या खुणेच्या वर मीटर, डीबी (विजेच्या स्विचांची पेटी) आणि इन्व्हर्टर जायला हवेत. जोतं तेवढं उंच करणं शक्य नसेल तर तळाला पार्किंग ठेवा आणि वर राहा.

एका व्यापाऱ्याला हळदीसाठी बेसमेंट हवं होतं, हरिपूरच्या पेवांचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा) दाखला देत होते. पेवं हरिपूरच्या मातीत टिकली, सांगलीत कुठंही खणली म्हणून टिकली नसती. आणि 2005 च्या पुरानं त्या पेवांचंही नुकसान केलंच. शेवटी व्यापाऱ्याचं गोदाम जमिनीवर बांधलं.

ओढा बुजवून प्लॉट वाढवू नका. ते पाणी तुमच्याच किंवा शेजाऱ्याच्या घरात येतं.

बाकीच्या चुका

पश्चिमेला तोंड असलेल्या शोरूमला आख्खी काच लावू नका, एसीच्या बिलात दुकानाचा नफा जातो.

उत्तरेची खिडकी सावलीतच राहते असं धरून तिच्यावरचा सज्जा गाळू नका. सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. दीड फूट सज्जा तिथंही हवा.

पावसाचा मारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्या भिंतीला नुसता रंग पुरत नाही, आधी प्लास्टर नीट करा.

प्लॉटवरचा जुना कडुलिंब नकाशात बसत नाही म्हणून तोडू नका, नकाशा हलवा. नवीन झाड मात्र काळ्या मातीत भिंतीला खेटून लावू नका, मुळं पाणी ओढतात आणि पायाची तेवढीच बाजू आकसते.

त्या जोडप्याला मी आषाढात छत्री घेऊन प्लॉटवर बोलावलंय. नकाशा त्यानंतर काढू.