जपानी लष्करी तलवार ओळखताना या चुका टाळा

साताऱ्याजवळच्या एका गावात, ओळखीच्या घरी, आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली जपानी तलवार आहे. दोन वर्षांपूर्वी ती पाहायला गेलो. पाहुणे येणार म्हणून नातवाने आदल्या दिवशी मूठ काढून आतल्या लोखंडावरचा गंज सँडपेपरने घासला होता. मुलगा कौतुकाने दाखवत होता, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. पात्याच्या वयाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा त्याने तासाभरात पुसून टाकला होता. सुदैवाने एकच बाजू घासून झाली होती.

अशा तलवारी आपल्याकडे अगदीच दुर्मिळ नाहीत. मार्च १९४४ मध्ये इंफाळजवळ सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४/५ पलटण जपान्यांशी झुंजली, आणि १९४५ च्या शरणागतीत आग्नेय आशियातल्या जपानी अधिकाऱ्यांना तलवारी उतरवून द्याव्या लागल्या. त्यातल्या काही सैनिकांसोबत घरी आल्या. आता त्यांच्या जोडीला बाजारात ढिगाने नकला आल्या आहेत. नकलेला अस्सल समजणं ही चूक महाग पडते. पण अस्सलला नकली समजून भंगारात देणं किंवा घासूनपुसून खराब करणं मला जास्त लागतं, कारण नकलेत पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात.

नाकागो घासणं

विळ्याची शेपटी जशी मुठीत असते, तसा पात्याचा जो भाग जपानी तलवारीच्या मुठीत जातो त्याला नाकागो म्हणतात. कारागीर तो मुद्दाम पॉलिश न करता सोडतो. त्यावर कानशीच्या ओळी, कारागिराची सही आणि बऱ्याचदा तारीख असते. हवेने हळूहळू धरलेला तपकिरी-काळा गंज हीच त्याची कातडी. दुसऱ्या महायुद्धातल्या पात्यावर हा रंग मध्यम तपकिरी असतो, तीन-चारशे वर्षांच्या पात्यावर गडद आणि गुळगुळीत. नकलेवर बहुधा नारिंगी, भुकटीसारखा गंज दिसतो, आणि तो अक्षरांच्या खाचांत आणि बाहेर अगदी सारखा असतो, कारण तो रसायनाने एका दमात आणलेला असतो. म्हणून लिंबू, चिंच, सँडपेपर, गंज काढणारी द्रावणं यातलं काहीही नाकागोला लावू नका. सही वाचता येत नसेल तर मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा. सावलीत अक्षरं उठून येतात.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. जपानी नौदलाच्या बऱ्याच तलवारींची पाती न गंजणाऱ्या पोलादाची होती. त्यांचा नाकागो आजही उजळ दिसतो आणि वर्तुळातल्या नांगराचा शिक्का असू शकतो. तो उजळपणा पाहून तलवार खोटी ठरवू नका.

तारीख आणि शिक्के चुकीचे वाचणं

सही वरून खाली वाचतात. तारखेत बहुतेकदा शोवा हे सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव आणि वर्ष येतं. त्या वर्षात १९२५ मिळवले की आपलं साल मिळतं: शोवा १७ म्हणजे १९४२. आकडे ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, आणि दहा आपल्या अधिकच्या चिन्हासारखं दिसतं. साताऱ्याच्या त्या तलवारीच्या न घासलेल्या बाजूवर हेच होतं: अधिकचं चिन्ह, खाली सात. आजोबा तिला शेकडो वर्षांची म्हणायचे. ती १९४२ ची निघाली, आणि घरच्यांना क्षणभर वाईट वाटलं. मला मात्र आनंद झाला, कारण ती अस्सल होती आणि आजोबा लढले त्याच युद्धातली होती.

काही पात्यांवर वर्षाचा आकडाच नसतो. दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या कारखान्यात बनलेल्या पात्यांवर, ज्यांना संग्राहक मांतेत्सु म्हणतात, शोवानंतर साठ वर्षांच्या चक्रातलं नाव आणि वसंत ऋतू लिहिलेला असतो. ‘कानोतो-मी’ म्हणजे १९४१. या पात्यांना मागणी आहे, म्हणून त्यांच्या नकलाही भरपूर आहेत. इथे अक्षरांची कोरणी नीट पाहा. खऱ्या कारागिराच्या छिन्नीचा प्रत्येक घाव ठाशीव असतो. नकलेवर कोंबडीने पाय उमटवल्यासारख्या उथळ, अडखळत्या रेघा दिसतात.

नाकागोवर छोटा ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ शिक्का दिसला तर दचकू नका. सेकी हे गिफू प्रांतातलं तलवारींचं जुनं गाव, युद्धकाळात तिथे प्रचंड उत्पादन झालं. हे शिक्के सहसा सांगतात की पातं पारंपरिक पद्धतीने घडवलेलं नाही. किंमत त्यामुळे कमी होते, अस्सलपणा नाही. उलट ताऱ्याचा शिक्का असेल तर पातं लष्कराने मान्यता दिलेल्या, पारंपरिक पद्धतीने काम करणाऱ्या लोहाराचं असण्याची शक्यता मोठी.

रंगाने लिहिलेली अक्षरं किंवा आकडे हा आणखी एक सापळा. ती सही नसते. कारखान्यात पातं आणि त्याचे सुटे भाग जुळवताना केलेल्या त्या खुणा आहेत. त्वचेसारख्या पातळ असतात, ओल्या बोटानेही जाऊ शकतात, तेव्हा आधी फोटो काढा.

मुठीवरून पात्याचं वय ठरवणं

पाश्चात्त्य धाटणीच्या मुठी सोडून १९३४ मध्ये जपानी लष्कराने ताची, म्हणजे कमरेला टांगायच्या जुन्या जपानी तलवारीच्या वळणाचा नवा नमुना आणला, ९४ क्रमांकाचा. १९३८ मध्ये ९८ क्रमांक आला. ढोबळ खूण अशी की ९४ च्या म्यानाला टांगायच्या दोन कड्या, त्यातली एक काढता येणारी, आणि ९८ ला एकच. पण मूठ-म्यानाचे हे साज कपड्यासारखे असतात. कित्येक अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी साजात बसवून आघाडीवर नेलं. त्यामुळे साध्या तपकिरी म्यानात चारशे वर्षांचं पातं निघू शकतं, आणि देखण्या साजात १९४३ चं कारखान्यातलं.

‘मूठ पक्की करणाऱ्या खुंटीसाठी नाकागोत दोन भोकं, म्हणजे पातं जुनं’ हा समजही अर्धाच खरा. जुनं पातं आखूड करताना नवं भोक पाडत, हे बरोबर. पण युद्धाच्या उत्तरार्धात मूठ घट्ट राहावी म्हणून नव्या पात्यांनाही दोन खुंट्या देत.

युद्धाच्या शेवटी साहित्य संपत चाललं होतं. त्या काळातल्या तलवारींचा त्सुबा, म्हणजे हातावरचं रक्षक पान, साधं लोखंडी असतं, काम खडबडीत असतं, म्यान लाकडी असतं. नवखे संग्राहक यांना नकली म्हणून बाजूला ठेवतात. खडबडीतपणा आणि फसवणूक यात फरक करायला शिका. घाईत बनवलेल्या खऱ्या तलवारीचेही भाग एकमेकांत घट्ट बसतात. त्सुबाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्यांवर बऱ्याचदा एकच आकडा सापडतो. नकलेत चकत्या खुळखुळतात, मुठीवरची दोरी आलटून पालटून न घेता एकाच बाजूने गुंडाळलेली असते, आणि तिच्याखाली खऱ्या रे माशाच्या कातड्याऐवजी प्लास्टिक असतं.

पात्यावरची हामोन, म्हणजे धार कडक करताना उमटलेली रेघ, उजेडात तिरपी फिरवून पाहा. खरी रेघ उजेडासोबत दिसते-लपते. आम्लाने उमटवलेली कुठूनही तशीच पांढरी दिसते.

९५ क्रमांकाची, हवालदार दर्जाच्या सैनिकांची तलवार यंत्रावर बनलेली असते. पात्याला पन्हळ असते आणि सहसा ओतीव धातूची मूठ. तिच्या पात्यावर अनुक्रमांक असतो, तो सालाचा आकडा समजू नका. तिच्यावर कारागिराची सही नसते, म्हणून मूठ उघडण्यात अर्थ नाही. म्यानावर वेगळा क्रमांक आढळला तर लगेच नकली म्हणू नका. शरणागतीत ढिगांनी तलवारी गोळा झाल्या, म्यानं अदलाबदल झाली. नकलांत मात्र आकडे वेडेवाकडे आणि मुठीवरचा मुलामा पितळेच्या ओतकामावर चढवलेला दिसतो.

म्यानातून निघत नाही, मूठ सुटत नाही

बऱ्याच लष्करी तलवारींना मुठीजवळ एक छोटं बटण असतं. ते दाबल्याशिवाय तलवार म्यानातून निघत नाही, आणि लोक गंजली समजून ओढाताण करतात. बटण दाबूनही निघत नसेल तर म्यानाच्या तोंडाशी तेलाचा एखादा थेंब द्या, रात्रभर थांबा, मग सरळ ओढा. म्यानाच्या धारेकडच्या बाजूला बोटं ठेवू नका.

मूठ काढताना खुंटी निमुळती असते. लहान टोकाकडून बांबूच्या काडीने ढकला. मग मूठ डाव्या हातात उभी धरून, पातं वर, उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके द्या. न हलल्यास लाकडी ठोकळा वापरा. लोखंडी हातोडा कधीच नाही.

प्रमाणपत्रासाठी जपानला पाठवायचा विचार असेल तर आधी थांबा. १९४८ पासून काम करणारी निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही जपानी तलवारींच्या जतनाची संस्था कारखान्यातल्या पात्यांना प्रमाणपत्र देत नाही. जपानच्या कायद्यात पारंपरिक पद्धतीने न घडवलेल्या तलवारीची नोंदणीच होत नाही, त्यामुळे ती तिथेच जप्त होऊ शकते. भारतात धारदार शस्त्रं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येतात. वारशाची तलवार असली तरी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करूनच ती विका किंवा विकत घ्या.

पाहणी झाली की पात्यावरचा हाताचा घाम मऊ सुती कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ थर द्या. नाकागोवर ताजा लाल गंज पसरताना दिसला तर तेलाचं बोट फिरवून कापडाने टिपा. घासू नका.