आईची पैठणी लेकीला द्यायची असेल तर

पैठणी नेसून जेवढी झिजते, त्याहून जास्त कपाटात पडून खराब होते. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम घडीच्या रेघेवरच चिरतं. काठाजवळ तर हमखास, कारण जरीचा धागा जड आणि ताठ असतो आणि त्याच्या शेजारचं रेशीम दर वेळी त्याच जागी मुडपतं. म्हणून आजीची किंवा आईची साडी हातात आली की ती लगेच नेसून बघू नका. आधी तपासा.

जमिनीवर धुतलेली सुती चादर अंथरा. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेल्या हाताने रेशमाला शिवू नका. साडी दिवसाच्या उजेडात थोडी थोडी उलगडा आणि प्रत्येक घडी खिडकीसमोर धरून बघा. बारीक चिरा उजेडाविरुद्धच दिसतात. घडी उलगडताना कापड कागदासारखं करकरलं, तर ती साडी आता नेसायची राहिलेली नाही, फक्त जपायची. विसरलेल्या टाचण्या आणि सेफ्टी पिना काढा, त्यांचा गंज रेशमाला भोक पाडतो. फॉल आटून काठ गोळा झाला असेल तर टाके एकेक कापून फॉल सोडवा, ओढून उसवू नका. नवा सुती फॉल लावायचा तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवा. नाहीतर तोही पुढे आटतो आणि काठाला पुन्हा चुण्या पडतात.

हवा द्यायची ती सावलीत. खोलीत, मंद पंख्याखाली, दोन-तीन तास पुरे. उन्हाने रंग उडतो आणि रेशीम कमकुवत होतं. वेळ निवडायची तर पाऊस पूर्ण सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर, आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये साडी बाहेर काढून 'हवा लागू दे' म्हणणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आता घडी. साडी गुंडाळण्यासाठी मांजरपाट किंवा पांढरी मलमल आणा आणि नवं कापड गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन त्यातली खळ काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. खळ राहिली की कसर लागते, आणि कसर कापडावरची खळ खाता खाता रेशीमही कुरतडते. नीळही घालू नका. त्याच कापडाच्या बोटभर जाडीच्या सुरळ्या करा आणि प्रत्येक घडीच्या आत एकेक ठेवा, म्हणजे रेघ धारदार न होता गोलसर राहते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवी घाला. नवी रेघ जुन्या रेघेपासून दोन-तीन इंच सरकलेली हवी. बरोब्बर निम्म्यावर घडी घालायची सवय सोडा, कारण तशी घातली की ती दर वेळी त्याच जागी येते. जरीचा पदर शक्यतो दुमडूच नये, आणि दुमडावाच लागला तर आत जाड सुरळी ठेवून. हँगरवर तर अजिबात नको. सगळं वजन एका रेघेवर येतं.

शेवटी सगळं मांजरपाटात सैल गुंडाळा, घट्ट गाठ न मारता. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते, वर्तमानपत्राची शाई लागते, रंगीत कापडाचा रंग उतरतो. साडी वरच्या कप्प्यात, एकटी ठेवा. वर दुसऱ्या साड्यांचा ढीग आला की सुरळ्या चेपतात. बाथरूमच्या किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात आतून ओलसर होतं, तिथे नकोच.

डांबरगोळ्या टाळा. त्यांचा वास वर्षभर जात नाही. त्यात कोणी कपाटात कापूरही ठेवतं. हे दोन्ही एकमेकांना लागले तर उन्हाळ्यात विरघळतात, आणि तो चिकट द्रव साडीवर उतरला की डाग कायमचा. वेखंड किंवा लवंगा कापडी पुरचुंडीत, गुंडाळलेल्या साडीपासून दूर, कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवल्या तरी चालतं. पण त्यांनी कीड फक्त थोडी लांब राहते, मरत नाही. खरी राखण दर तीन-चार महिन्यांनी उलगडून बघण्यातच आहे.

जर काळी पडली म्हणून घाबरू नका. जुन्या पैठणीची खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, तिच्यावर सोन्याचं पाणी. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. रबर बँड आणि लोकरीचे कपडे जवळ असले तर लवकर. तिला टूथपेस्ट, लिंबू, चिंच, सोडा किंवा चांदीचं पॉलिश लावू नका. घासल्याने सोन्याचा पातळ थर निघून जातो, आंबटाने रेशीम खराब होतं. कोरड्या मलमलीने हलकेच टिपा आणि काळसरपणा राहू द्या. त्याने साडीचं काही बिघडत नाही. अत्तर आणि सेंट साडी नेसण्याआधी अंगाला लावा, साडीवर कधीच नाही.

नेसायची असेल तर पदराची पिन जरीतून काढू नका. पोतातून, म्हणजे काठ-पदर सोडून साडीच्या मधल्या साध्या भागातून, आत कापडाचा छोटा तुकडा ठेवून टोचा. नेसून झाल्यावर घामाची ओल पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नका, घामानेही रेशीम सडतं. घरी धुऊ नका. लाल, जांभळा रंग सुटतो आणि काठाचा रंग पोतावर पसरतो. ड्रायक्लीनला देताना 'रोल पॉलिश नको' असं स्पष्ट सांगा. त्यात खळ आणि उष्णता दोन्ही लागतात, आणि साडी छान कडक होऊन घरी येते ती पुढे घडीवर फाटायलाच.

चीर पडली असेल तर मागून मऊ, पातळ रेशमी कापडाचा आधार द्या आणि बारीक रेशमी धाग्याने लांब, सैल टाके घाला. इस्त्रीने चिकटणारं बकरम वापरलं तर पुढचा रफूगार हात टेकतो. पदरातली चीर मात्र येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकरालाच दाखवा. पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी विणलेली असते, त्यामुळे ओबडधोबड रफू उलट-सुलट दोन्हीकडे दिसतो. पोत गेलं आणि पदर-काठ धड असले, तर ते नव्या पोतावर लावून घेता येतात. दोघी बहिणींत एकच साडी असेल तर ती कापून वाटण्यापेक्षा वर्षाआड एकीकडे ठेवा. घडी आपोआप बदलली जाते.

फाटकी म्हणून भांडेवालीला देऊ नका. खरी जर चांदीच्या भावाने वितळवण्यासाठीच विकत घेतली जाते.

कोणाच्या लग्नातली, कुठून आणि कधी घेतली, डागडुजी कधी झाली हे सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि ती पट्टी बाहेरच्या मांजरपाटाला टाचा. टाका दोऱ्याचा, पिन नको.